नाचो लिब्रे: मठातला आचारी, आखाड्यातला मुखवटा

ज्याला लढता येत नाही तो मल्ल व्हायला निघतो. एवढ्याच कल्पनेवर उभे राहिलेले विनोदी सिनेमे पहिल्या अर्ध्या तासात दमतात आणि पुढे नुसती आपटाआपटी उरते. २००६ साली आलेला 'नाचो लिब्रे' ९२ मिनिटं दमत नाही. मधे थोडा रेंगाळतो, दोन-तीन ठिकाणी घसरतो, पण शेवटपर्यंत चेहऱ्यावरचं हसू उतरू देत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा हा खुळा सिनेमा आहे, आणि खुळेपणा इतक्या नेटाने करणं सोपं नसतं.

इग्नासिओ हा मेक्सिकोतल्या ओहाकामधल्या एका मठात लहानाचा मोठा झालेला अनाथ. आता तिथेच आचारी आहे. मठातल्या अनाथ पोरांना तो रोज वाढतो ती शिजवलेल्या घेवड्याची करडी पेज. सामान आणायला पैसे मिळत नाहीत, म्हणून चव नाही. लहानपणापासून त्याला लुचा लिब्रे, म्हणजे मेक्सिकोतली मुखवट्याची कुस्ती, याचं वेड आहे, आणि मठात कुस्ती म्हणजे पाप. एका रात्री पोरांसाठी आणलेले मक्याचे चिप्स एक हडकुळा चोर पळवतो. पुढे त्याच चोराला जोडीदार करून इग्नासिओ 'नाचो' या नावाने आखाड्यात उतरतो. दोघे हरतात. पुन्हा हरतात. पण हरणाऱ्यालाही गल्ल्यातला वाटा मिळतो हे कळल्यावर मठाच्या स्वयंपाकघरात ताजी भाजी येऊ लागते.

कथा एवढीच. ज्याला गुंतागुंत हवी त्याने दुसरीकडे जावं.

गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाला या सिनेमातलं अर्धं जग ओळखीचं वाटेल. तपकिरी झगा आणि कमरेला दोरी बांधलेले साधू, पांढऱ्या भिंती, मधे अंगण ठेवून बांधलेला मठ, शिस्तीची घंटा, नव्याने आलेली आणि शाळेत पोरांना शिकवणारी सिस्टर. जुन्या गोव्याला किंवा पिलारला एकदा जाऊन आलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच एक प्रश्न आधी सोडवलेला बरा: यात धर्माची टिंगल आहे का? नाही. इग्नासिओचा देवावर मनापासून विश्वास आहे आणि दिग्दर्शक जेरेड हेसने त्या विश्वासाला कुठेही चिमटा काढलेला नाही. हसू येतं ते त्याच्या झग्याखालच्या निळ्या घट्ट चोळण्याला, त्याच्या प्रार्थनेला नाही. देवळाच्या मंडपात किंवा चर्चच्या सभागृहात दाखवायचं ठरवलं तरी कुणाचं मन दुखणार नाही.

सगळ्यात चांगला पुरावा बाप्तिस्म्याच्या प्रसंगात आहे. जोडीदार एस्केलेतोचा देवावर विश्वास नाही. तो विज्ञान मानतो, असं स्वतःच सांगतो. त्या रात्रीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावातच सैतान आहे. इग्नासिओला खरीखुरी काळजी वाटते की बाप्तिस्मा न झालेला हा माणूस लढतीत मेला तर त्याच्या आत्म्याचं काय होईल. म्हणून तो मागून येऊन त्याचं डोकं पाण्याच्या भांड्यात बुडवतो. प्रसंग काही सेकंदांचा. लिहिणाऱ्याने यातून धर्मावर शेरा मारला असता तर तो तिथेच मेला असता. तो जगतो कारण करणाऱ्याच्या मनात मैत्री आहे आणि ज्याच्यावर केलं त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ धक्का आहे.

आता कुस्तीकडे येऊ, कारण ती समजली तर सिनेमा दुप्पट मजा देतो. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की चितपट, खेळ संपला. लुचा लिब्रेत खांदे टेकवून पंचाने तीन मोजावे लागतात, आणि मोठ्या लढती बहुधा तीन फेऱ्यांच्या, त्यातल्या दोन जिंकणाऱ्याची सरशी. जोडीच्या लढतीत आणखी एक सवलत असते. डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या पोरांना जोडीदाराच्या हातावर टाळी दिल्याशिवाय आत येता येत नाही हे माहीत असतं. मेक्सिकोत एक मल्ल दोरांबाहेर जमिनीवर उतरला की त्याचा जोडीदार टाळीशिवाय आत शिरू शकतो. त्यामुळे लढतीचा वेग वाढतो, गोंधळ वाढतो, आणि नाचोसारख्या नवशिक्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. अमेरिकेत पकडी बहुतेक डाव्या हाता-पायावर घेतात, मेक्सिकोत उजव्या. दोन देशांतले मल्ल एकत्र लढले की आधी याच गोष्टीवर अडखळतात.

मल्लांचे दोन गट असतात. तेक्निको म्हणजे नियम पाळणारे, लोकांचे लाडके. रुदो म्हणजे दांडगे, केस ओढणारे, पंचाची पाठ वळली की गुद्दे घालणारे. या खेळाला मेक्सिकोत संघटित रूप मिळालं ते १९३३ पासून, साल्वादोर लुत्तेरोथने कंपनी काढल्यावर. मुखवटा हा यातला सगळ्यात मोठा ऐवज. प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढला तर लढतीतून बाद. आणि पैजेच्या लढतीत मुखवटा हरला तर तो उतरवून सगळ्यांसमोर खरं नाव सांगावं लागतं, पुन्हा तो घालता येत नाही. एल सांतो हा त्यांचा सर्वांत थोर मल्ल १९८४ साली वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं. एवढं ठाऊक असलं की नाचो मुखवटा चढवताना इतका गंभीर का होतो ते उमगतं.

आणि इथेच नाचो झालेल्या जॅक ब्लॅकच्या कामाचं मोल कळतं. या नटाची खरी हत्यारं म्हणजे त्याच्या भुवया. एक वर, एक खाली, गाल फुगवलेले. मुखवटा चढला की भुवया आणि गाल दोन्ही झाकले जातात. उरतात डोळे, तोंड आणि अख्खं शरीर. पेडणे, डिचोली, सत्तरीत जत्रेच्या रात्री दशावतार पाहणाऱ्यांना ही गोष्ट सांगायला नको: काळं तोंड आणि लाल जीभ लावलेला संकासूर चेहऱ्यावर काहीच दाखवू शकत नाही, म्हणून त्याचं सगळं हसवणं चालीत, मानेच्या झटक्यात आणि आवाजात असतं. ब्लॅक नेमकं तेच करतो. पोट पुढे, छाती वर, हात कमरेवर, आणि त्या थाटात एक पाय किंचित आधी टाकायचा. आखाड्यात येतानाची त्याची चाल नीट पाहा. प्रत्येक लढतीआधी ती थोडी वेगळी आहे. पहिल्यांदा ती उसनी वाटते, शेवटच्या लढतीत अंगात भिनलेली.

पडणं हे या खेळातलं पहिलं शिक्षण. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर पसरून तळवे खाली मारायचे. श्वास बाहेर सोडायचा. पाठीचा वरचा सपाट भाग एकदम टेकवायचा, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. खाली गादी असते असं समजू नका. लोखंडी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, वर पातळ थर आणि ताणलेलं कापड. जो 'धाड' आवाज येतो तो फळ्यांचा. सिनेमात एस्केलेतो झालेला एक्तोर हिमेनेस हे पडणं अशा काही ढिलेपणाने करतो की हाडं आधी आणि माणूस नंतर पोचल्यासारखं वाटतं. नाचो पडतो तो पोटावर. विनोदासाठी बरोबर, कारण पोटाचा उसळी मारणारा गोळा कॅमेऱ्याला दिसतो. पण खऱ्या आखाड्यात असं पडलं तर बरगड्या आणि मनगटं जातात.

सरावाची दृश्यं हा सिनेमाचा खजिना आहे. मधमाश्या, शेण, वळू, जे हाताशी सापडेल त्याचा उपयोग. वळूचा प्रसंग फार पटकन येऊन जातो, त्यामुळेच जास्त हसवतो. गरुडाचं अंडं खाऊन गरुडाची शक्ती मिळवायला इग्नासिओ कड्यावर चढतो हे आधी निरर्थक वाटतं, पण शेवटच्या लढतीत त्याची पावती मिळते. हेसची पद्धत अशी की विनोद घडत असताना कॅमेरा हलवायचा नाही. माणूस चौकटीच्या मधोमध, भोवती मोकळी जागा, आणि घाई नाही. हसावं की नाही हे प्रेक्षकावर सोडतो. ज्यांना दर दहा सेकंदांनी कट आणि ढोल लागतो त्यांना सुरुवातीची वीस मिनिटं संथ वाटतील. थांबा. एकदा त्या तालात मन लागलं की टोस्टचा प्रसंग कळतो: इग्नासिओ सिस्टर एन्कार्नासिओनला रात्री आपल्या खोलीत येऊन थोडा टोस्ट खायचं आमंत्रण देतो, आणि दोघं कोरडा टोस्ट कुरकुर चावत बसतात. प्रेमप्रसंग एवढाच. आना दे ला रेगेराने ही सिस्टर अजिबात न हसता, अजिबात न लाजता केली आहे. तिच्या त्या साधेपणामुळे समोरच्याचं खुळेपण उठून दिसतं. ती एकदाही नाचोकडे पाहून डोळे मिचकावत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे.

रामसेस या सोनेरी मुखवट्याच्या विजेत्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पडद्यावर तो लोकांचा देव आहे आणि जवळ गेल्यावर पोकळ. त्याच्या घरच्या मेजवानीत घुसून नाचो त्याला गाठतो तेव्हा हे उघड होतं. हे काम केलं आहे सिल्व्हर किंग या खऱ्या मल्लाने. त्याचं नाव सेसार गोन्सालेस. बाप डॉक्टर वाग्नेर, भाऊ डॉक्टर वाग्नेर ज्युनियर, दोघेही नामांकित मल्ल. त्याने स्वतःचा मुखवटा १९८७ साली एल इहो देल सांतोसमोर गमावला होता. म्हणजे ज्याचा खरा मुखवटा आखाड्यात गेला तो माणूस इथे सोन्याचा मुखवटा घालून राजासारखा उभा आहे. त्याच्या हालचालीत दिखावा नाही. पकड घेतो तेव्हा समोरच्याचं वजन कुठे आहे ते त्याला कळतं, आणि ब्लॅकसारख्या नवख्याला उचलताना तो आपला गुडघा कुठे ठेवतो ते पाहण्यासारखं आहे. ११ मे २०१९ रोजी लंडनमध्ये एका लढतीदरम्यान तो आखाड्यातच कोसळला आणि वारला. आज सिनेमा पाहताना शेवटची लढत म्हणूनच जरा जड वाटते.

कल्पना हवेतून आलेली नाही. सेर्हिओ गुतिएरेस बेनितेस हे मेक्सिकोतले खरे पाद्री. अनाथ मुलांचा खर्च भागवावा म्हणून 'फ्राय तोर्मेंता' या नावाने मुखवटा घालून ते २० वर्षांहून अधिक काळ आखाड्यात लढले. सिनेमाने त्यांच्या आयुष्यातला एक धागा घेतला आहे, बाकी सगळं रचलेलं आहे. खऱ्या पाद्रींचं जगणं कितीतरी कष्टाचं होतं. विनोदी सिनेमाने ते कष्ट दाखवावेत अशी अपेक्षा नाही, पण हा आधार माहीत असला की पोरांसाठी मारामारी करणं हे नाचोचं कारण केवळ पटकथेची सोय वाटत नाही.

उणिवा स्पष्ट सांगतो. मेजवानीत एक लठ्ठ बाई एस्केलेतोच्या मागे लागते. त्या सगळ्या भागाचा विनोद तिच्या शरीरावर आहे, आणि तो आळशी आहे. बुटक्या, केसाळ मल्लांच्या जोडीबाबतही तसंच. त्यांना आखाड्यात चपळ दाखवलंय हे खरं, पण कॅमेऱ्याला त्यांच्या उंचीचाच जास्त मोह पडलाय. दुसरी अडचण कथेतली. शेवटच्या लढतीत नाचोला जागा मिळते ती स्वतःच्या कौशल्याने नाही. मोठ्या घोळक्याच्या लढतीत तो दुसरा येतो, आणि जिंकणाऱ्याच्या पायावरून एस्केलेतोने गाडी नेल्यामुळे तो मल्ल जायबंदी होतो. हसू येतं, पण ज्याने इतकी मेहनत केली त्याला असा शॉर्टकट द्यायला नको होता. मठातून बाहेर पडून रानात जाण्याचा भागही उरकून टाकलाय. तिथे पाच मिनिटं जास्त हवी होती.

आणि उच्चार. अमेरिकन नट मेक्सिकन ढंगाचं इंग्रजी बोलतो, भोवती खरे मेक्सिकन नट आहेत. काहींना हे खटकेल. तरी त्या उच्चाराशिवाय सिनेमा उभा राहत नाही, कारण संवादांचा अर्धा विनोद शब्दांच्या खेचलेल्या स्वरांत आहे. म्हणून दुसऱ्या भाषेत डब केलेली आवृत्ती टाळा. मूळ आवाज ठेवा, खाली इंग्रजी उपशीर्षकं लावा. फार इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांनाही अडचण येत नाही. लढती, जेवण आणि पडणं यांना भाषा लागत नाही. डॅनी एल्फमनचं संगीत आणि जुनी लॅटिन गाणी यांचा मेळ चांगल्या स्पीकरवर ऐकायला हवा, टीव्हीच्या पाठीमागच्या बारीक स्पीकरवर तो चिरका होतो.

मंडळाच्या कार्यक्रमात, वाड्यावर किंवा बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, दाखवायचा असेल तर काही गोष्टी आधी बघून घ्या. सार्वजनिक प्रयोगासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, घरासाठी घेतलेली डिस्क किंवा वर्गणी त्यात धरली जात नाही. मे महिन्यात गोव्यात सातच्या सुमाराला सूर्य मावळतो, पण आकाश पुरतं काळं व्हायला आणखी अर्धा तास जातो. रंग पिवळे-तपकिरी असल्यामुळे उजेड उरला की मठातली दृश्यं पार धुऊन जातात. साडेसातच्या आधी सुरू करू नका. आठ फूट रुंद पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. पांढरी चादर वापरणार असाल तर इस्त्री करून खालच्या काठाला काठी शिवा, नाहीतर वाऱ्यात माणसं लाटांवर चालतात. चित्र पडद्यावर भरून दिसावं म्हणून झूम करू नका. हेसचे बरेच विनोद चौकटीच्या कडेला असतात, ते कापले जातात. स्पीकर बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना. सिनेमाला मध्यंतर नाही. घ्यायचंच असेल तर रामसेसच्या मेजवानीच्या आधी घ्या, नंतर नको, कारण त्यानंतरची पकड एकदा सुटली की परत बसायला वेळ लागतो.

वय? अमेरिकेत याला पीजी दर्जा आहे. पोटातल्या वाऱ्याचे आवाज आणि उघड्या पोटाचे विनोद आहेत, रक्तपात नाही. सहा-सात वर्षांपुढच्या पोरांना चालेल.

फक्त एक नक्की होणार: सिनेमा संपल्यावर पोरं सोफ्यावरून उड्या मारणार. हात पुढे धरून पडलं की मनगटाचं हाड मोडतं, मान वाकडी ठेवून पडलं तर त्याहून वाईट. उडी मारूच द्यायची असेल तर उंचीवरून नाही, जमिनीवर जाड गादीवर बसल्या जागेवरून मागे लोळायला शिकवा, हनुवटी छातीला धरून. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना गोलकीपरची पडण्याची सवय असते, ती उपयोगी पडते, पण तीही आडवं पडण्याची आहे, पाठीवर नाही. कुणाच्या पोटावर उडी घेणं पूर्ण बंद.

त्यापेक्षा मुखवटा शिवून द्या. कार्निव्हलला आणि शिगमोच्या मिरवणुकीलाही चालेल. मेक्सिकोतला पारंपरिक मुखवटा मूळ चार तुकड्यांचा असतो. दोन्ही दिशांना ताणलं जाणारं कापड घ्या, पोहण्याच्या पोशाखाला वापरतात तसं. डोक्याचा घेर मोजा आणि त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वजा करा, नाहीतर मुखवटा फिरतो आणि डोळ्यांची भोकं कानावर जातात. डोळ्यांची भोकं आधी लहान कापा, घालून बघून मग वाढवा. कड मोकळी ठेवली तर भोकाचा आकार ताणून बिघडतो, म्हणून प्रत्येक भोकाला वेगळ्या रंगाच्या कापडाची पट्टी शिवा. नाचोसारखा हवा असेल तर निळा मुखवटा आणि लाल पट्ट्या. मागची शिवण मानेपासून डोक्याच्या मध्यापर्यंत उघडी ठेवून दोन्ही कडांना भोकं पाडा आणि बुटाच्या नाडीसारखी दोरी ओवा. गाठ मागे, मानेच्या वर येऊ द्या. गळ्याभोवती दोरी कधीच बांधू नका. नाकाखाली आणि तोंडापुढे जागा पूर्ण मोकळी ठेवा, आपल्या दमट हवेत तोंड झाकलेला मुखवटा पोरांना दहा मिनिटंही सोसत नाही.